उसण भरली, म्हणून अंथरूण धरू नका

सोयाबीनची सुगी आणि दिवाळीची साफसफाई दरवर्षी एकाच सुमारास येतात. या दिवसांत आमच्या पेडगावच्या दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या वडीलधाऱ्यांकडे पाहिले, तर बरेच जण कमरेला हात लावून किंवा मांडी धरून बसलेले दिसतात. कोणी सोयाबीनचा कट्टा ट्रॉलीत चढवायला मुलाच्या मदतीला गेलेले असते, कोणी दिवसभर वाकून कापूस वेचलेला असतो, तर कोणी माळ्यावरचे पितळी पातेले एकट्याने खाली उतरवलेले असते. तक्रार मात्र एकाच वाक्यात सांगितली जाते : "डॉक्टर, उसण भरली."

उसण, लचक, चमक, मुरगळणे हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. वैद्यकाच्या दृष्टीने त्यांत थोडा भेद करावा लागतो. स्नायूचे, किंवा स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरेचे तंतू ताण असह्य होऊन तुटतात, तेव्हा तिला स्नायूची लचक म्हणावे. कमरेत भरणारी उसण पुष्कळदा याच जातीची असते. घोटा किंवा मनगट मुरगळते तेव्हा दोन हाडांना एकत्र बांधून ठेवणारा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, ताणला जातो. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, तेव्हा स्नायू काही काळ घट्ट आखडतो आणि सुटतो. त्यात तुटत काहीच नाही. आणि सवय नसताना फार चालले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय भरून येतात, हा आणखी निराळा प्रकार. आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड या वाटेने पंढरपुराकडे जाते. तिच्यासोबत दोन मुक्काम चालून आलेली मंडळी असे पाय घेऊन येतात. ते दुखणे दोन्ही बाजूंना सारखे असते, उशिरा सुरू होते आणि चार-पाच दिवसांत आपोआप ओसरते. लचकेचे तसे नसते. तिचा क्षण सांगता येतो : "हंडा खाली ठेवला, आणि कट्कन् काहीतरी झालं."

"खाली ठेवला" हे शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत. पुष्कळांची समजूत अशी असते, की वजन उचलताना स्नायू फाटतो. प्रत्यक्षात स्नायूवर भार असताना तो लांबत जातो, तेव्हा त्याला अधिक धोका असतो. भरलेली घागर हळूहळू खाली टेकवताना, जिन्याच्या पायऱ्या उतरताना, बांधावरून खाली पाय टाकताना हेच घडते. त्यातही दोन सांध्यांवरून जाणारे स्नायू आधी बळी पडतात. मांडीच्या मागचा स्नायू आणि पोटरी ही त्यांची ठळक उदाहरणे. पोटरी फाटण्याची एक गंमतीची खूण आहे. रुग्णाला वाटते, की मागून कोणीतरी दगड मारला. पेडगावच्या स्थानकावर पॅसेंजर गाठण्यासाठी धावलेले एक निवृत्त गुरुजी मला सांगत होते, की त्यांनी वळून पोरांना दोन शिव्याही हासडल्या. मागे कोणीच नव्हते.

दुखापत किती मोठी आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. थोडे तंतू तुटले, तर दुखते पण जोर शाबूत राहतो; असे दुखणे एक ते तीन आठवड्यांत बरे होते. बरेच तंतू तुटले, तर सूज येते, एक-दोन दिवसांनी निळसर डाग दिसतो, जोर कमी होतो. याला महिना-दोन महिने लागतात. स्नायू किंवा कंडरा पूर्ण तुटली, तर तिथे खड्डा लागतो, तो अवयव ती हालचाल करूच शकत नाही. मग अस्थिरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जावे. कधी शस्त्रक्रिया करावी लागते. हा निळा डाग दोन दिवसांनी खाली उतरतो, हेही सांगून ठेवतो. मांडीतले रक्त वजनाने गुडघ्यामागे येते आणि घरचे घाबरून धावत येतात. त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्यासाठी माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी बहात्तर वर्षांच्या एका आजींना पाण्याचा हंडा उतरवताना कमरेत उसण भरली. मी तपासले. मणक्यावर ठोकून पाहिले, पायांतला जोर पाहिला, लघवीची चौकशी केली. काळजीचे काही नव्हते. चार गोळ्या लिहिल्या आणि म्हणालो, "आजी, आराम करा." मुलगा आणि सून दोघेही सेवाभावी. त्यांनी आजींना बाजेवरून पाय खाली ठेवू दिला नाही. जेवण, पाणी, चहा, अंग पुसणे, भांडे देणे, सगळे जागेवर. बाविसाव्या दिवशी मुलगा आला आणि म्हणाला, "आईची कंबर आता दुखत नाही डॉक्टर. पण ती उठतच नाही."

घरी जाऊन पाहिले. कमरेचे दुखणे खरोखरच गेले होते. परंतु आजींना बाजेवरून उभे राहता येईना. पोटऱ्या निम्म्या झाल्यासारख्या दिसत होत्या, घोटे आखडले होते, माकडहाडावरची कातडी लाल झाली होती. दोघांनी धरून उभे केले, तर त्यांना चक्कर आली आणि त्या घाबरून रडू लागल्या. त्यांना पुन्हा परसापर्यंत स्वतः चालत जायला होळी उजाडली. ही सारी हानी उसणीने केलेली नव्हती. आराम किती दिवस आणि आराम म्हणजे नेमके काय, हे मी सांगितले नव्हते. तेव्हापासून मी औषधाच्या चिठ्ठीवर "आराम" एवढेच कधी लिहीत नाही. दिवस लिहितो, आणि कोणत्या दिवशी कशाला उठायचे तेही लिहितो.

तरुण माणूस पंधरा दिवस पडून राहिला, तर त्याचेही स्नायू झिजतात, पण त्याच्याजवळ शिल्लक मोठी असते. वयाच्या चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर हा उतार अधिक तीव्र होतो. या वार्धक्यातल्या स्नायुक्षयाला १९८९ साली डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची उणीव. नाव नवे असले, तरी "म्हातारपणी मांड्या गळतात" हे आपल्या घरातल्या बायकांना ठाऊकच होते. २००७ साली अमेरिकेत एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षे वयाच्या धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले. दहा दिवसांत त्यांच्या केवळ पायांतून सुमारे एक किलो स्नायू गेला. ही माणसे आजारी नव्हती, त्यांना काही लागलेले नव्हते. आमच्या आजी तर बावीस दिवस पडून होत्या.

कमरेच्या दुखण्यापुरता एक पुरावा त्याहून जुना आहे. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. अचानक कंबर धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस पूर्ण झोपवून ठेवले, काहींना कमरेचे व्यायाम दिले आणि काहींना सोसवेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवण्यास सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते रोजचे व्यवहार चालू ठेवणारे. हे सारे नोकरीच्या वयातले लोक होते, हे खरे. तरी पडून राहण्याचा तोटा वयाबरोबर वाढतो, कमी होत नाही.

मग दुखापत झाल्याबरोबर काय करावे? पहिले दोन दिवस त्या स्नायूला जपावे. जी हालचाल केल्याने तीव्र कळ येते ती टाळावी, बाकीच्या चालू ठेवाव्यात. शौचास, स्नानास, जेवणास उठावेच. हवी तर काठी किंवा कोणाचा खांदा घ्यावा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटे दुखऱ्या जागी धरला, तर वेदना कमी होतात. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. शीतकपाट नसेल, तर माठातल्या पाण्याने भिजवलेला पंचा चालतो. १९७८ साली डॉ. गेब मिर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री सांगितली आणि ती जगभर पाठ झाली. पुढे त्याच मिर्किन यांनी मोकळेपणाने लिहिले, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे स्नायू भरून येण्यास उशीरही होऊ शकतो. आपल्याच प्रसिद्ध सूत्राला असा फाटा देणारे डॉक्टर विरळा. म्हणून बर्फ वेदनेपुरता, एक-दोन दिवस. त्याला उपचाराचे मोठेपण देऊ नये.

याच दोन दिवसांत घराघरांत नेमके उलटे घडते. कोणी तेल गरम करून जोर लावून चोळते, कोणी हाडवैद्याकडे नेऊन 'बसवून' आणते. उसण भरली, तर पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची रीत आमच्या भागात अजून आहे. पायाळू व्यक्तीने हळूच पाय टेकवला, तर माझे काही म्हणणे नाही. उसण चार दिवसांनी तशीही उतरणारच असते आणि श्रेय पायाळूला मिळते. परंतु लाथ मारणे, कमरेवर पोराला उभे करणे, मान कडकड मोडणे हे साठीनंतर सर्वथा टाळावे. हाडे ठिसूळ असतील, तर उसणीच्या जागी मणक्याचा अस्थिभंग घेऊन परत यावे लागते. ताजे तंतू तुटलेले असताना जोराने चोळल्यास आत रक्तस्राव वाढतो. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हा धोका दुप्पट समजा.

तीन दिवसांनंतर ऊब चांगली. निर्गुडीचा पाला, रुईचे पान, गरम पाण्याची पिशवी, यांपैकी जे हाताशी असेल ते वापरावे. आंबेहळदीच्या लेपालाही माझी हरकत नाही, कातडी फुटलेली नसेल तर. मात्र मधुमेही व्यक्तीला तापलेल्या विटकरीचा शेक कधीही देऊ नका. पायांची संवेदना कमी झालेली असल्याने भाजले तरी त्यांना कळत नाही. शेक देणाऱ्याने आधी आपल्या हाताच्या आतल्या बाजूस पंधरा-वीस सेकंद तो लावून पाहावा. उसण बरी झाली आणि भाजलेली जखम दोन महिने चिघळली, असे रुग्ण मी पाहिले आहेत.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून स्नायूला काम द्यावे लागते. तुटलेल्या तंतूंच्या जागी आधी कच्चा वण तयार होतो. त्यावर हलका, नियमित ताण आला, तरच नवे तंतू ओळीने, कामाच्या दिशेने बसतात. ताण मुळीच मिळाला नाही, तर वण आखूड आणि कडक राहतो आणि पुढच्या सुगीत तिथेच पुन्हा फाटतो. आरंभ साधा असावा. पडल्यापडल्या पावले वरखाली हलवणे, प्रत्येक तासाला वीसएक वेळा. गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने दाबणे आणि पाच अंक मोजून सोडणे. ते जमू लागले, की भिंतीला टेकवलेल्या मजबूत खुर्चीवर बसून उठणे. आधी हातांचा आधार घेऊन, मग आधाराविना. पाच वेळा उठबस जमली की दोन दिवसांनी सात. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल, तर आदल्या दिवशी अती झाले असे समजून एक पायरी खाली यावे. स्नायू ओढून लांबवण्याचे व्यायाम मात्र पहिल्या आठवड्यात नकोत.

दुसऱ्या टोकाची चूकही असते. आपल्या श्रीरामपूरचे झहीर खान २०११ च्या जुलै महिन्यात लॉर्ड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी, दोन गडी बाद केल्यानंतर, मांडीमागचा स्नायू धरून मैदानाबाहेर गेले. सुमारे दोन आठवड्यांनी सराव सामन्यात उतरले, तेव्हा काही षटकांतच पुन्हा थांबावे लागले आणि दौरा सोडून परतावे लागले. दिमतीला तज्ज्ञ असलेल्या खेळाडूची ही गत. दुखणे थांबणे आणि स्नायू भरून येणे यांत अंतर असते. आमच्याकडचे आजोबा चौथ्या दिवशी बरे वाटले, म्हणून थेट फवारणीचा पंप पाठीवर घेतात. चालणे चौथ्या दिवशी, पंप मात्र सहाव्या आठवड्यानंतर, असे मी सांगतो. ते ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

आमच्या गावाचे नाव ऐकले, की पाहुणे "वेड पांघरून पेडगावला" ही म्हण ऐकवतात. म्हणीतले पेडगाव नगर जिल्ह्यातले, भीमेच्या काठचे, आमचे परभणीजवळचे. पण वेड पांघरणारे आमच्याकडेही पुष्कळ आहेत. मुलांना खर्च नको, सुनेला त्रास नको, म्हणून वडीलधारी मंडळी दुखणे लपवतात आणि दुकानातून गोळी मागवून गिळतात. सांभाळणाऱ्यांनी विचारण्याऐवजी पाहावे. उठताना हात कुठे टेकतात, जिना उतरताना कोणता पाय आधी टाकतात, शौचाला जाणे टाळण्यासाठी पाणी कमी पितात का. यांतून खरे काय ते कळते.

त्या दुकानातल्या गोळीविषयी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या गोळ्या वेदना लवकर मारतात, म्हणून लोकप्रिय आहेत. वय साठीच्या पुढे, सोबत रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी, उन्हात काम आणि पाणी कमी, असा योग जुळला, की याच गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. जठरात व्रण होऊन काळी शौच होणे हा दुसरा धोका. आपल्याकडची गिधाडे कशामुळे नाहीशी झाली, हे आठवून पाहा. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि २००६ साली जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण औषध तेच आहे. बहुतेक लचकांना पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी, सहा तासांचे अंतर ठेवून, दोन-तीन दिवस पुरते. यकृताचा आजार किंवा मद्याची सवय असेल, तर तीही विचारूनच. ही गोळी सर्दीतापाच्या मिश्र औषधांतही असते, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नयेत. वेदनाशामक मलम वरून लावायला हरकत नाही.

येथवर जे लिहिले ते खरोखरच उसण असेल तर. आणि हाच माझ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, कारण उसण म्हणून आलेल्या माणसाला कधी दुसरेच काही असते.

डावा खांदा, दोन फऱ्यांमधली पाठ किंवा जबडा दुखतो, सोबत घाम येतो, दम लागतो, आणि खांदा हलवून पाहिला तर वेदनेत काही फरक पडत नाही. मग तेल शोधत बसू नका, हृदयविकाराचा विचार करून तडक रुग्णालय गाठा. मधुमेही व्यक्तींत हृदयाची कळ फार सौम्य असू शकते. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, काही कष्टाचे काम केलेले नाही, उलट लांबचा प्रवास किंवा आजारपणात पडून राहणे झाले आहे, तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. ती पोटरी चोळणे धोक्याचे आहे. स्त्रियांना साठीनंतर नुसते वाकल्याने किंवा शिंकल्याने पाठीच्या मध्यावर असह्य कळ आली आणि मणक्यावर बोट ठेवताच दुखले, तर क्ष-किरण तपासणी करावी. ठिसूळ मणका दबलेला असू शकतो. पडल्यानंतर जांघेत दुखते, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, तर खुबा मोडला आहे असेच समजून चालावे आणि त्या व्यक्तीला उभे करू नये. कमरेच्या दुखण्याबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीच्या जागी बधिरता आली, तर रात्र सरण्याची वाट पाहू नये. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे हेही साध्या लचकेत बसत नाही.

आणखी एक फसवे दुखणे आहे नागिणीचे. छातीच्या किंवा पोटाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी जळजळ होते, कपडा लागला तरी सहन होत नाही, दोन-तीन दिवस बाहेर काहीच दिसत नाही. उसण समजून शेक चालू असतो, आणि मग फोड उठतात. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झाले, तर त्याचा उपयोग अधिक होतो. म्हणून शेक देणाऱ्याने रोज एकदा ती कातडी उजेडात नीट पाहावी.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांनी काहींचे दोन्ही मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू दुखतात. सोबत लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके जुलाबासाठी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सहज दिली जातात. साठीनंतर, विशेषतः सोबत स्टेरॉइड चालू असल्यास, त्यांच्यामुळे टाचेच्या वरची कंडरा दुखू लागते आणि क्वचित तुटते. कारण नसताना टाचेमागे दुखू लागले, तर "मागच्या महिन्यात कोणती औषधे घेतली" हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तरी आपण होऊन सांगावे.

आहाराविषयी थोडक्यात. नवे तंतू विणायला प्रथिने लागतात आणि आपल्या वडीलधाऱ्यांच्या ताटात नेमकी तीच कमी असतात. चहा-बिस्किट, पातळ वरण, अर्धी भाकरी, एवढ्यावर दिवस निघतो. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने असावीत. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला साठ ते पंच्याहत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, असा हिशेब घरीच मांडता येतो. दात नसतील तर शेंगदाण्याचा कूट, घट्ट वरण, दही, मऊ उसळ. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

वस्तू उचलण्याविषयी पुस्तकांत लिहिलेले असते, की गुडघे वाकवा, कंबर सरळ ठेवा. सत्तरीत गुडघे वाकत नाहीत, हे ते पुस्तक लिहिणाऱ्यास ठाऊक नसावे. त्यापेक्षा वजनच कमी करावे. कट्टा अर्धाच भरावा, घागरीऐवजी दोन लहान कळश्या वापराव्यात, रोजची जड भांडी कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवावीत, आणि माळ्यावर चढण्याचे काम ज्याचे त्याला द्यावे. वस्तू धरायचीच असेल, तर छातीशी धरावी आणि वळताना कमरेतून न वळता पावले टाकून वळावे.

आता सांभाळणाऱ्यांसाठी, कारण त्यांची कंबर धरली तर घर बसते. वडीलधाऱ्यांना उठवताना दोन्ही हात धरून ओढू नका. त्यात त्यांचा खांदा निखळतो आणि तुमच्या पाठीत उसण भरते. आधी त्यांना पूर्ण कुशीवर वळवा. गुडघे वाकवून पाय काठावरून खाली सोडा. मग त्यांनाच कोपराने अंथरूण रेटू द्या. तुमचा हात त्यांच्या पाठीमागे, खांद्याच्या फऱ्याखाली असू द्या. बसल्यावर दोन मिनिटे थांबा, चक्कर येते का विचारा, मगच उभे करा. बाज किंवा पलंग फार खाली असेल, तर सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून पायांखाली बसवून घ्या. नुसत्या विटा ठेवू नका, त्या सरकतात. बसल्यावर पावले जमिनीला पूर्ण टेकतील आणि मांड्या किंचित उतरत्या राहतील, एवढी उंची पुरे.

वर ज्या आजींविषयी लिहिले, त्यांच्या बाजेखाली असे चार ठोकळे अजून आहेत. गेल्या आठवड्यात त्या काठी टेकत दवाखान्यात आल्या होत्या. बरोबर सून होती, कमरेला हात लावलेली. कपाट सरकवताना तिला उसण भरली होती. मी सुनेला तपासत असताना आजी मागून म्हणाल्या, "किती दिवस पडायचं, ते कागदावर लिहून द्या बरं डॉक्टर."

मी लिहून दिले : दोन दिवस जपणे, तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणापर्यंत चालणे.